गुणपत्रकापलीकडील गुण

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

मराठीत ‘गुण’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. उत्तरपत्रिकेच्या कडेला तांबड्या शाईने लिहिला जातो तो गुण, आणि माणसाच्या अंगी असतो तोही गुणच. पहिला मोजता येतो, दुसरा ओळखावा लागतो. मोजणे सोपे आणि ओळखणे कठीण असल्याने जगातील बहुतेक शिक्षणसंस्थांनी पहिल्या अर्थावरच समाधान मानले आहे. परंतु दुसऱ्या अर्थाचा गुण अर्जाच्या कागदांवरून ओळखण्याचा प्रयत्न अमेरिकेतील काही विद्यापीठे गेली शंभर वर्षे करीत आली आहेत. तेथील ‘ऑनर्स’ अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थी कसे निवडले जातात, त्या निवडीत काय पाहिले जाते आणि पाहूनही काय नजरेआड राहते, याचा विचार आपल्याकडील शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांना उद्बोधक वाटावा असा आहे.

ऑनर्सची कल्पना

या कल्पनेचे मूळ इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात आहे. तेथे साधी पदवी आणि ऑनर्स पदवी असा भेद होता. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला शिकून आलेले फ्रँक एडेलॉट हे १९२१ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर या लहानशा महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२२ साली, त्यांनी तेथे ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. वर्गातील सर्वांनी एकच धडा, एकाच वेगाने आणि एकाच दिवशी शिकला पाहिजे, ही सक्ती हुशार मुलाला आळशी बनविते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. एका पावलाने चालण्याची ही सक्ती मोडण्याचा विचार त्या ग्रंथाच्या नावातच आहे.

स्वार्थमोरची पद्धत आजही मुळाशी धरून आहे. अखेरच्या दोन वर्षांत मोजके विद्यार्थी एका प्राध्यापकाभोवती बसतात, स्वतः लिहून आणलेले निबंध वाचतात आणि त्यांवर चर्चा करतात. शेवटी त्यांची लेखी आणि तोंडी परीक्षा घेण्यासाठी इतर संस्थांतील विद्वान बोलाविले जातात. ज्या प्राध्यापकाने शिकविले त्यानेच गुण द्यावयाचे, ही सोय तेथे नाही. त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी हे दोघेही परीक्षकासमोर एका बाजूला उभे असतात.

पुढे ही कल्पना मोठ्या राज्य विद्यापीठांनी उचलली. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात ‘प्लॅन टू’ हा ऑनर्स अभ्यासक्रम १९३५ साली सुरू झाला. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे ऑनर्स महाविद्यालय १९५६ साली, तर ओरेगन विद्यापीठाचे १९६० साली निघाले. १९६६ मध्ये अशा संस्थांची राष्ट्रीय परिषदही स्थापन झाली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने १९८८ साली स्थापन केलेले आणि आज बॅरेट या नावाने ओळखले जाणारे ऑनर्स महाविद्यालय तर हजारो विद्यार्थ्यांचे आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००१ साली सुरू केलेले ऑनर्स महाविद्यालय पुढे मेकॉले या नावाने प्रसिद्ध झाले. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या सामान्य कुटुंबांतील मुले तेथे मोठ्या संख्येने शिकतात, आणि राज्यातील रहिवासी विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही.

या सर्वांत समान असे सूत्र आहे. प्रचंड विद्यापीठाच्या पोटात एक लहान विद्यालय असावे. वर्ग छोटे असावेत. ऐकण्यापेक्षा बोलण्याला आणि पाठ करण्यापेक्षा शोधण्याला वाव असावा. आणि अखेरीस विद्यार्थ्याने स्वतः संशोधन करून एक प्रबंध लिहावा. शुल्क परवडणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठात राहूनही, एरव्ही धनवंतांच्या खासगी महाविद्यालयांत मिळणारे शिक्षण मिळावे, हा त्यामागील लोकशाही हेतू होय.

निवड समिती काय पाहते?

अनेक ठिकाणी विद्यापीठातील प्रवेश आणि ऑनर्समधील प्रवेश या दोन निराळ्या गोष्टी असतात. टेक्सासचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९७ साली झालेल्या कायद्यान्वये प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठात आपोआप प्रवेशाचा हक्क मिळाला. ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ही टक्केवारी पुढे कमी करण्यात आली. परंतु शाळा शहरातील असो वा दूरच्या खेड्यातील, तिच्यातील अग्रेसर विद्यार्थ्याचा हक्क मान्य झाला. ‘प्लॅन टू’ मध्ये मात्र या हक्काने जाता येत नाही. त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो आणि निबंध लिहावे लागतात. पहिल्या दारावर क्रमांक पाहिला जातो, दुसऱ्या दारावर माणूस.

या दुसऱ्या दारावर प्रथम तपासले जाते ते अर्थातच गुणपत्रक. परंतु ते वाचण्याची रीत वेगळी आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळेत नववीपासून बारावीपर्यंत विद्यार्थ्याला विषय आणि त्यांची काठिण्यपातळी बऱ्याच अंशी स्वतः निवडता येते. सोपे विषय घेऊन पैकीच्या पैकी गुण मिळविणारा एक, आणि उच्च गणित किंवा महाविद्यालयीन पातळीचे भौतिकशास्त्र घेऊन थोडे कमी गुण मिळविणारा दुसरा, या दोघांत निवड समितीचा कल सामान्यतः दुसऱ्याकडे असतो. शाळेच्या समुपदेशकाला भरावयाच्या अहवालातही, या विद्यार्थ्याने घेतलेले विषय शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या तुलनेत किती कठीण होते, असा स्पष्ट प्रश्न असतो. ‘उपलब्ध असलेल्या’ या शब्दांना येथे महत्त्व आहे. अर्जासोबत शाळेचे परिचयपत्रक जाते. त्यात शाळेत कोणते विषय शिकविले जातात, किती विद्यार्थी पुढे शिकावयास जातात, याची माहिती असते. ज्या शाळेत उच्च गणिताचा वर्गच नाही, तेथील मुलीने तो घेतला नाही म्हणून तिचे वजन कमी होऊ नये, हा त्याचा उद्देश. डोंगर किती उंच होता हे न पाहता कोण किती चढला एवढेच पाहणे हा न्याय नव्हे, हे तत्त्व यात गृहीत धरलेले आहे.

प्रमाणित चाचण्यांबाबत तेथे मोठा वाद आहे. २०२० साली कोविडच्या साथीत परीक्षाकेंद्रे बंद पडली, तेव्हा बहुसंख्य निवडक संस्थांनी चाचणीच्या गुणांची अट काढून टाकली. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये, आणि डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड व ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले. डार्टमथने दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. गरीब वस्तीतील शाळेच्या विद्यार्थ्याचे गुण श्रीमंत शाळेच्या मानाने कमी दिसतात म्हणून तो ते पाठवीत नाही. पण त्याच्या शाळेच्या सर्वसाधारण पातळीशी ताडून पाहिले असता तेच गुण त्याच्या असाधारणतेचा पुरावा ठरले असते. परीक्षा टाकून दिल्याने अन्याय आपोआप दूर होत नाही, आणि परीक्षा ठेवल्याने न्याय आपोआप होत नाही; आकडा कोणत्या परिस्थितीत मिळविला गेला हे पाहणारी नजर दोन्ही वेळी लागते.

निबंध आणि उपक्रम

गुणपत्रकानंतर येतो निबंध. बहुतेक महाविद्यालयांना चालणाऱ्या सामायिक अर्जात ६५० शब्दांच्या मर्यादेत एक वैयक्तिक निबंध लिहावयाचा असतो. ऑनर्ससाठी पुष्कळदा त्याखेरीज आणखी निबंध मागितले जातात, आणि त्यांतील प्रश्न एखाद्या कल्पनेविषयी, वाचलेल्या ग्रंथाविषयी किंवा न सुटलेल्या प्रश्नाविषयी असू शकतात. भाषेची नक्षी पाहण्यासाठी हे निबंध मागविलेले नसतात. हा विद्यार्थी एखाद्या प्रश्नाजवळ किती वेळ थांबू शकतो, स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी बाजू त्याला दिसते काय, आणि माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय, हे त्यांतून ताडले जाते. पाच-सहा जणांच्या चर्चासत्रात बसणाऱ्याला हेच गुण लागतात. आज यंत्राकडून क्षणार्धात निबंध लिहून घेता येतो; त्यामुळे गुळगुळीत आणि निर्दोष लेखनाचे मोल उतरले आहे आणि स्वतःच्या गावचा, घरचा, हाताखालून गेलेल्या कामाचा नेमका तपशील अधिक मोलाचा ठरला आहे.

अभ्यासेतर उपक्रमांविषयी आपल्याकडे एक गैरसमज आढळतो. प्रमाणपत्रांची जाड फाईल झाली की परदेशी प्रवेश सुकर होतो, अशी पालकांची समजूत असते. वस्तुतः सामायिक अर्जात उपक्रमांसाठी दहाच जागा आहेत, आणि त्या दहाही भरल्या पाहिजेत असा दंडक नाही. चार वर्षे एकाच कामात रमलेला विद्यार्थी हा दहा कामांत दहा दिवस डोकावलेल्यापेक्षा उजवा ठरतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या यादीत पगारी नोकरी आणि कौटुंबिक जबाबदारी यांनाही स्वतंत्र स्थान आहे. सायंकाळी किराणा दुकानात काम करणे, आजारी आजीची शुश्रूषा करणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, ही कामे तेथे उपक्रम म्हणून लिहिता येतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने प्रवेश देणाऱ्या संस्थांना हाच आग्रह केला होता : दूरदेशी जाऊन केलेल्या खर्चिक समाजसेवेपेक्षा घरात रोज उचललेला भार कमी लेखू नये. शेतीच्या दिवसांत आईबरोबर रानात जाणारी आणि तरीही वर्गात पुढे असणारी मुलगी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. तिच्या गुणपत्रकावर या कामाची नोंद कोठेही नसते.

शिक्षकाचे पत्र

अर्जातील सर्वांत मौल्यवान कागद कोणता, असे विचारले तर शिक्षकाच्या शिफारसपत्राचा उल्लेख करावा लागेल. कारण विद्यार्थ्याविषयी दुसऱ्या कोणी, त्याला रोज पाहणाऱ्याने, दिलेली ती साक्ष असते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःविषयीची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. परंतु शिफारसपत्रापुरता हा हक्क विद्यार्थी पुष्कळदा लेखी सोडून देतो, जेणेकरून शिक्षकाला मोकळेपणाने लिहिता यावे आणि वाचणाऱ्याला ते खरे वाटावे.

असे पत्र कसे असावे? ‘विद्यार्थी हुशार, नम्र व आज्ञाधारक असून त्याच्या भावी आयुष्यास शुभेच्छा’ हे वाक्य आपल्या दाखल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यात खोटे काहीच नसते, पण त्यावरून कोणी ओळखूही येत नाही. ते शंभर मुलांना लावता येते, म्हणून एकालाही लागत नाही. याउलट एखाद्या शिक्षकाने असे लिहिले की, प्रयोगशाळेत या मुलीचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळेना, तेव्हा तिने आकडा खोडून पुस्तकातील आकडा लिहिला नाही. दोन दिवस मधल्या सुट्टीत येऊन तिने तराजूतील दोष शोधून काढला. या दोन वाक्यांत तिचा प्रामाणिकपणा, चिकाटी आणि चौकसपणा हे तिन्ही गुण आले, आणि त्यांपैकी एकाचेही नाव घ्यावे लागले नाही. निवड समितीला हवी असते ती अशी साक्ष. संशोधनाचा प्रबंध पुरा करणारा विद्यार्थी कोण होईल, हे टक्केवारीपेक्षा अशा प्रसंगावरून अधिक नीट सांगता येते.

मात्र असे पत्र लिहिण्यासाठी शिक्षकाने ते पाहिलेले असले पाहिजे. आणि पाहण्यासाठी, जुळत नाही ते का जुळत नाही हे शोधण्याची मुभा वर्गात असली पाहिजे. जेथे पुस्तकातील आकडा लिहिणे हाच नियम आहे, तेथे त्या मुलीचा गुण तिच्यापाशीच राहतो.

पद्धतीतील उणिवा

या पद्धतीचे गुणगान करताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. माणसाने माणसाची पारख करावयाची म्हटली की पक्षपाताला जागा राहते. श्रीमंत पालक निबंध सुधारण्यासाठी खासगी सल्लागार नेमतात. उपक्रम विकत घेतल्यासारखे उभे केले जातात. मार्च २०१९ मध्ये अमेरिकन संघराज्य शासनाने प्रवेशातील लाचलुचपतीच्या एका मोठ्या प्रकरणात ५० जणांवर आरोप ठेवले. खेळांतील खोटे प्रावीण्य दाखवून आणि चाचण्यांत लबाडी करून मुलांना नामांकित संस्थांत घुसविल्याचे ते प्रकरण होते. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. अर्जदाराने आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे निबंधात लिहिले तर ते वाचण्यास मात्र आडकाठी ठेवली नाही. गुणवत्ता आणि सामाजिक न्याय यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

परंतु या सर्वांहून मोठी उणीव निराळीच आहे. समिती कितीही सूक्ष्म नजरेची असली, तरी ती आलेले अर्जच वाचू शकते. न आलेल्या अर्जातील विद्यार्थी तिला कसा दिसावा?

न आलेले अर्ज

कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटांतल्या अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी कोणत्याही निवडक महाविद्यालयाकडे अर्जच करीत नाहीत. ते नाकारले जात नाहीत. ते दारापर्यंत येत नाहीत. त्यांतील बरेचसे लहान गावांत विखुरलेले असतात. तेथे त्यांच्यासारखा दुसरा विद्यार्थी नसतो आणि अशा महाविद्यालयात शिकून आलेला शिक्षकही क्वचितच असतो.

मिशिगन राज्याचा अनुभव यापुढचा आहे. तेथे २००७ पासून सार्वजनिक शाळांतील अकरावीच्या सर्व विद्यार्थ्यांची महाविद्यालयीन प्रवेश चाचणी शाळेतच घेण्यात येऊ लागली. पूर्वी ती ऐच्छिक होती. जोशुआ हायमन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ऐच्छिक चाचणीला बसून महाविद्यालयासाठी तयार ठरणाऱ्या दर १० गरीब विद्यार्थ्यांमागे, चाचणीला बसलेच नसते पण बसते तर तयार ठरले असते, असे आणखी ५ विद्यार्थी होते. हे पाच विद्यार्थी नव्याने हुशार झाले नाहीत. ते होतेच, कोणी मोजले नव्हते एवढेच.

त्याच राज्यातील मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून एक प्रयोग केला. ॲन आर्बर येथील हे विद्यापीठ राज्यातील सर्वांत नामांकित होय. सुसान डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभरातील अल्प उत्पन्न गटांतले हुशार विद्यार्थी शालेय नोंदींवरून हुडकून काढले, आणि त्यांतील काहींना विद्यापीठातर्फे पत्रे धाडली. पत्रात एवढेच आश्वासन होते की, नेहमीच्या पद्धतीने अर्ज करून प्रवेश मिळाला, तर चार वर्षे शिक्षणशुल्क द्यावे लागणार नाही; त्यासाठी आर्थिक मदतीचे किचकट अर्ज भरण्याचीही गरज नाही. पालकांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनाही पत्रे गेली. गंमत अशी की, या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना इतकी मदत एरव्हीही मिळालीच असती. नवा पैसा जवळपास नव्हता. होती ती स्पष्ट शब्दांत, वेळेवर आणि नाव घालून दिलेली माहिती.

परिणाम असा झाला की, पत्र न मिळालेल्या तशाच विद्यार्थ्यांपैकी २६ टक्क्यांनी त्या विद्यापीठाकडे अर्ज केला होता, तर पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. २०१८ पासून त्या विद्यापीठाने ठरावीक उत्पन्नाखालील राज्यातील सर्वच कुटुंबांसाठी शुल्कमाफीची हमी जाहीर केली.

या प्रयोगाला एक पुरवणी जोडली पाहिजे. हॉक्सबी आणि सारा टर्नर यांनी २०१३ मध्ये असे दाखविले होते की, दर विद्यार्थ्यामागे सुमारे ६ डॉलर खर्चून पाठविलेल्या माहितीपुस्तिकेनेही अर्जांची संख्या वाढते. परंतु पुढे तशीच माहिती देशभर लाखो विद्यार्थ्यांना पाठविली गेली, तेव्हा तिचा फारसा परिणाम आढळला नाही. मिशिगनच्या पत्रात एका परिचित संस्थेचे निश्चित वचन होते आणि ते घरी व शाळेत, दोन्हीकडे पोहोचले होते. छापील पत्रक सर्वांसाठी असते, म्हणून ते आपल्यासाठी आहे असे कोणाला वाटत नाही. माहिती देणे आणि माहिती पोहोचविणे यांतील अंतर शासकीय यंत्रणेत काम करणाऱ्या कोणालाही नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या राज्याच्या संदर्भात

हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार आपल्याकडेही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या रचनेची अंमलबजावणी सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० आणि ऑनर्ससाठी १६० श्रेयांक ठरविले आहेत. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण असावेत, अशी मर्यादा घालण्यात आली आहे.

काहीतरी मर्यादा असणे आवश्यकच आहे. हजारो विद्यार्थी असता तिच्यावाचून कारभार चालत नाही. तथापि पंचाहत्तर टक्के ही पात्रतेची रेषा आहे, ती पात्रतेची व्याख्या नव्हे. रेषेच्या वर असलेल्या प्रत्येकाला संशोधनाची ओढ असेलच असे नाही. आणि ज्याला ती आहे, त्याला हे चौथे वर्ष आपल्यासाठी आहे हे कोणी सांगितलेले असेलच असेही नाही. घरातील पहिलाच पदवीधर होऊ घातलेला मुलगा तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीच्या शोधात निघून जाईल, आणि त्याने काय गमावले हे त्यालाही कळणार नाही, अशी शक्यता दाट आहे.

येथे शिक्षकांचे काम सुरू होते. गुणवहीशेजारी आणखी एक साधी वही ठेवावयास खर्च येत नाही. कोणत्या मुलाने कोणता प्रश्न विचारला, कोणी नेमलेल्यापेक्षा अधिक वाचले, कोणाचा प्रयोग चुकला आणि त्याने मग काय केले, याच्या वर्षाकाठी चार-दोन ओळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे लिहिल्या, तरी दाखल्यावरील ठरावीक वाक्याच्या जागी खरी साक्ष देता येईल. शिष्यवृत्ती परीक्षांच्या बाबतीत आपल्या जिल्हा परिषद शाळांतील अनेक शिक्षकांनी हे काम मूकपणे केलेलेच आहे. मुलाच्या घरी जाऊन बापाला समजावणे, अर्ज भरून देणे, परीक्षाकेंद्रावर स्वतः घेऊन जाणे, हे कोणत्याही नियमावलीत नसलेले काम त्यांनी केले म्हणून कित्येक मुले पुढे आली. तीच परंपरा महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत आणि त्याच्याही आत नेण्याची ही वेळ आहे.

पंचायत सदस्यांकडून अपेक्षा वेगळी आहे. गावातील कोणती मुले-मुली बारावीला आहेत, कोणती पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, याची यादी एका कागदावर मावेल एवढीच असते. शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची वा ऑनर्सची माहिती सूचनाफलकावर चिकटविण्यापेक्षा त्या यादीतील प्रत्येक घरी नाव घेऊन पोहोचविता येईल. गावच्या वाचनालयात परीक्षेच्या मार्गदर्शकांखेरीज इतर पुस्तके असतील आणि ते सायंकाळी उघडे असेल, तर नेमलेल्यापेक्षा अधिक वाचणारा विद्यार्थी कोण, हे ग्रंथपालालाही सांगता येईल. शिक्षण आणि समाजकल्याण खात्यांतील अधिकाऱ्यांनीही योजनेचे परिपत्रक निघाल्याची तारीख न पाहता ते शेवटच्या पात्र विद्यार्थ्याच्या हाती पडल्याची तारीख पाहावी.

अमेरिकेची पद्धत आहे तशी उचलण्याचे कारण नाही. त्यांच्या शाळा, त्यांचे शुल्क, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. घेण्यासारखी आहे ती एवढीच जाणीव की, चौकसपणा, चिकाटी आणि सचोटी हे गुण कोणत्याही एका प्रांताची वा वर्गाची मिरास नाहीत, पण ते पाहिले जाणे मात्र आजवर काहींच्याच वाट्याला आले आहे. निवड समितीपुढे कागद जातो तेव्हा निवडीचा शेवट होत असतो. तिची सुरुवात कितीतरी आधी, एखाद्या वर्गात, एखाद्या मुलीचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही आणि शिक्षक तिला पुन्हा करून पाहावयास सांगतात, तेव्हा झालेली असते.